अण्णांनी सोडवून आणलेलं लग्न

एका गुऱ्हाळवाल्यानं अण्णांकडं कॉम्प्युटर आणला हुता. चालू केला की आतनं चर्र आवाज यायचा. अण्णांनी डब्याचं झाकण उघडलं तर आत मुंग्यांची वसाहत. गुऱ्हाळातला कॉम्प्युटर, मुंग्या न्हाईतर काय मोर येणार? दुसरा कुणी असता तर ब्लोअर मारून दोन मिंटात साफ केला असता. अण्णांनी गुळाचा खडा घेतला, डब्यापासनं हातभर लांब ठिवला आन् गिऱ्हाइकाला म्हणले, "परवा या."

"परवा? आवं, मुंग्याच हायत्या न्हवं?"

"म्हणून तर परवा. माणसं असती तर आत्ता निघा म्हणलो असतो."

त्यो गुऱ्हाळवाला पुटपुटत गेला. मी बाकड्यावर बसून माझी पाळी यायची वाट बघत हुतो. मला वाटलं, गड्या, मुंग्यांची वरात काढणारा ह्यो माणूस माझं काय भलं करणार. माझं तर समदं फोटोच कुलपात गेलं हुतं.

माझा कडेगावात फोटो स्टुडिओ हाय. स्टुडिओ म्हंजी दहा बाय बाराचा गाळा, मागं निळा पडदा, आन् कोपऱ्यात कॉम्प्युटर. शिक्षण नववी, तीबी दोनदा बसून. इंग्रजी म्हणाल तर 'ओके' आन् 'कॅन्सल' वाचता येतं. त्यातलं 'कॅन्सल' वेळंवर वाचलं असतं तर ह्ये सांगायची पाळी आली नसती.

अण्णांचं दुकान सांगलीत हळदीच्या पेठंमागं बोळात हुतं. पाटी न्हवती. कुणालाबी इचारलं तर "नाकात हळद जायाची थांबली की डाव्या हाताला" म्हणून सांगायचे. अण्णा जैन, जवळच्याच खेड्यातलं. शेती भावाकडं, आन् ह्येंनी आयुष्यभर आधी रेडिओ, मंग टीव्ही, मंग कॉम्प्युटर उघडलं. पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. ऊन कललं की दुकान बंद, कारण दिवस मावळायच्या आत जेवायचं. त्या टायमाला कुणी आलं तर शटर अर्धं खाली, आन् आतनं आवाज, "उद्या." मोठा साहेब गाडी घिऊन आला तरी "उद्या".

'व्हायरस मारला' असं ते कवाच म्हणायचे न्हाईत. 'बाहेर काढला' म्हणायचे. मी एकदा म्हणलं, "अण्णा, त्यो काय जित्ता असतो व्हय?"

"नसंल. पण जिभंला सवय कशाला लावायची?"

सोताच्या कॉम्प्युटरला पेनड्राईव्ह खुपसायची जी भोकं असत्यात, ती त्येंनी मेणबत्तीचं मेण वतून बुजवली हुती. एकच उघडं, त्येच्यावरबी चिकटपट्टी. नेटची वायर कामापुरती लावायची आन् काम झालं की काढून, गुंडाळून, खुंटीला. आल्या-गेल्याला हसू यायचं. मीबी हसलो. हसायला काय, माझं गेलं ते गेलंच हुतं.

आन् त्येंची वही. शंभर पानी, शाळंची. मशीनला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकानं काय काय केलं ते खरं सांगायचं. अण्णा लिवून घ्यायचे, वाचून दाखवायचे, आन् खाली सही घ्यायचे. "डॉक्टरला खोटं सांगितलं तरी चालतंय," म्हणायचे, "त्यो रक्त तपासतो. माझ्याकडं रक्त न्हाई. तुमचं तोंडच हाय."

गिऱ्हाईक लाजलं की नाव न घेता जुनं एखादं पान वाचून दाखवायचे. कुपवाडच्या एका कारखानदाराला मेलवर लाईटबिल आलं हुतं. बिल त्येनं आधीच भरलेलं. तरी उघडलं. का? तर भरलेलं बिल परत कसं पाठवलं म्हणून भांडायला. बिलाच्या आत व्हायरस. दुसरा एक भला माणूस, त्येला रस्त्यावर पेनड्राईव्ह सापडली. मालक कोण ह्ये बघून परत द्यावी म्हणून लावली. अण्णा वही मिटून म्हणायचे, "एकाचा भांडणानं आला, एकाचा चांगुलपणानं. तुजा कशानं?"

माझी पाळी आली तवा मी म्हणलं, "आपोआप झालं."

अण्णांनी पेन खाली ठिवलं आन् मुंग्या बघायला गेले.

थोड्या येळानं मी म्हणलं, "लाईट गेली आन् आली, तवापास्नं."

ते मुंग्याच बघत हुते. गुळाच्या खड्याकडं पहिली रांग लागली हुती. दुकानात माझ्यापरास मुंग्यांकडंच जास्त ध्यान. तिसऱ्या खेपंला मी खरं सांगितलं.

लग्नाचा अल्बम डिझाईन करायचं सॉफ्टवेअर मला फुकटात पायजे हुतं. नेटवर घावलं. उतरवून घेतलं तर कॉम्प्युटरमधला अँटिव्हायरस लाल हून बोंबलाय लागला. त्या फुकटवाल्यांनी मातुर लय आपुलकीनं लिवलं हुतं, की आमचं सॉफ्टवेअर टाकायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा. मी बंद केला. म्हंजी चोराचा फोन आला, कुत्रं बांधून ठेव, आन् मी कुत्रं बांधून, वर त्येला दारबी उघडून दिलं.

अर्ध्या तासात फोटोंची चित्रं गेली आन् कोरी पानं दिसाय लागली. एकेका नावाला मागं चार अक्षरांचं शेपूट. हरेक फोल्डरात एक इंग्रजी चिठ्ठी. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवली. तुमच्या फायलींना कुलूप घातलंय, चावी आमच्याकडं हाय, डॉलर पाठवा, तीन दिसांत पाठवलं तर निम्मी सूट. मी म्हणलं, सूट देत्यात म्हंजी माणसं अगदीच वंगाळ न्हाईत.

मास्तर उठून घरी गेले.

मंग मी दोनशे फायलींची शेपटं हातानं पुसली. नाव बदललं, फोटो काय उघडला न्हाई. गाढवाला घोडा म्हणल्यागत झालं.

अण्णांनी एवढं समदं लिवलं. "मंग?" म्हणले.

"मंग काय न्हाई."

"मंग?"

आता ह्ये सांगायचं माझ्या जिवावर आलं हुतं. माझ्याकडं जुन्या-नव्या समद्या लग्नांची दुसरी प्रत हुती, येगळ्या डिस्कवर, कपाटात. शाणपणानं ठिवलेली. म्हणलं, उरलं-सुरलं तरी तिच्यावर काढून घ्यावं. म्हणून ती डिस्क त्याच कॉम्प्युटरला लावली. चहा पिऊन आलो तवर तिचीबी शेपटं वाढली हुती.

अण्णांनी ह्ये लिवलं न्हाई. चष्मा काढला. "पहिली चूक वहीत पन्नास जणांची हाय," म्हणले. "ही तुजी सोताची."

तरी सही घेतलीच.

कॅमेऱ्याच्या कार्डात काय उरलं असंल का, ह्ये बी त्येंनी इचारलं. सीझनमधी त्याच कार्डावर मी पुढली सहा लग्नं मारली हुती. काय उरणार?

आता तुमी म्हणाल, फोटोच की. माफी मागायची आन् मोकळं व्हायचं. पण त्यात काकीचं लग्न हुतं. म्हंजी काकीच्या पोरीचं. काकी आमच्या गल्लीतली, वैशाखात पोरीचं लग्न केलं. आमच्याकडं लग्नात फेट्याचा मान असतो. माईकवर नाव पुकारायचं, पावण्यानं स्टेजवर यायचं, फेटा बांधायचा, टॉवेल-नारळ द्यायचा, आन् फोटो काढायचा. आमटीत मीठ कमी पडलं तर चालतंय, फेट्याचं नाव चुकलं तर येणंजाणं बंद. नवरीच्या मामाचा मान पहिला. ह्यो मामा म्हंजी काकीचा धाकटा भाऊ, एकुलता एक. त्यो म्हणायचा, मला फेटा दिला न्हाई, उलट भर मांडवात मला बाजूला काढलं. न जेवता उठून गेला. काकी म्हणायची, मी सोताच्या हातानं ताटात फेटा ठिवलाय, त्येलाच दिलाय, ह्यो खोटं बोलतोय. राखीला आला न्हाई. आता भाऊबीज म्होरं आली हुती.

काकीचा रोज फोन. "फोटो दे. त्येच्या म्होरं टाकते, मंग बघू काय बोलतो."

मी म्हणायचो, अल्बम छपाईला गेलाय.

"कवा यायचा?"

"आता निघाला आसंल."

एकदा ती स्टुडिओत येऊन बसली. भांडली न्हाई. पदरानं काउंटरवरची धूळ पुसत म्हणली, "एकच भाऊ हाय रं मला. भांडायला तरी नगं का कोण." त्या दिशी मी सांगलीची एसटी धरली हुती.

अण्णांनी आधी काय केलं सांगू? काय केलं न्हाई. माझा डबा आठ दीस नुस्ता ठिवून दिला. मी म्हणलं, "अण्णा, चिठ्ठीत तीन दिसांची मुदत हुती."

"चोरानं दिलेली मुदत आपण कशाला पाळायची? पैसं दिलं आन् चावी न्हाई दिली, तर कुठल्या चावडीवर जाशील?"

मंग एक दीस त्येंनी माझी डिस्क काढली, तिची जशीच्या तशी नक्कल केली, आन् मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात टाकली. "कुलूप लागलेलं बी टाकायचं न्हाई. काय चोर धरलं जात्यात, चाव्या बाहेर येत्यात. पोलीस आन् जाणकार लोकं नेटवर फुकट ठेवत्यात." त्येंनी ती चिठ्ठी आन् एक फाईल तसल्या जागी दाखवून व्हायरसची जात काढली. सोयरीक जमवायच्या आधी कूळ बघत्यात तसं. माझ्या जातीची चावी अजून निघाली न्हवती. म्हंजी ह्यातबी माझं नशीब जोरदार.

मंग कॉम्प्युटर पुसून, धुऊन, समदं नव्यानं भरलं. मला वाटलं, व्हायरस गेला, आता फोटो उघडणार. मी हात चोळत बसलो.

"चोर घराबाहेर काढला," अण्णा म्हणले. "कुलूप त्यो लावून गेलाय. ती दोन कामं हायत." आन् माझे समदे पासवर्ड बदलून घेतले, कारण ही जात जाताजाता त्येबी खिशात घालून जाती म्हणे. माझा एकच पासवर्ड हुता. समद्याला त्योच. कसला ते इचारलं, मी सांगितलं, तर अण्णा हसले. ते हसलेलं मी त्येवढंच बघितलं.

पण त्येंना एक ठावं हुतं. ही जात उतावळी. हजारो फायली उरकायच्या असत्यात, म्हणून प्रत्येक फायलीचं नुस्तं डोस्कं कुलपात घालती, बाकीचं धड तसंच सोडती. त्याच कॅमेऱ्यानं काढलेल्या चांगल्या फायलीचं डोस्कं आणून जोडलं, तर कवा कवा धड बोलतं. "जा," म्हणले, "त्याच दोन्ही कॅमेऱ्यांनी, एकानं एक फोटो आन् एकानं पाच मिंटं व्हिडिओ काढून आण. सेटिंग बदलू नगंस."

मी घरी गेलो. पाच मिंटं न हलता उभं राहील असं आमच्या घरात एकच, म्हैस. तिचं काढून आणलं. अण्णांनी बघितलं आन् काकीच्या पोरीच्या लग्नाला आमच्या म्हशीचं डोस्कं जोडायला बसले.

फोटो आधी निघालं. पण फोटोतला वरचा पट्टा कुलपात जातो, त्यो काय परत येत न्हाई. मोठ्या साईजचा फोटो असता तर नुस्तं मांडवाचं छत गेलं असतं. मी कार्डावर जागा वाचवायला समदं ल्हान साईजला काढायचो. त्यामुळं पट्टा खांद्यापातूर आला. तीनशे फोटोंत एकबी मुंडकं न्हाई. बिनडोक्याची नवरी बिनडोक्याच्या नवऱ्याला हार घालतीया, पण हार अडकवायचा कशात?

तरी ते घिऊन गेलो आन् काकीला स्टुडिओत बोलावलं. लग्नातला फेट्याचा फोटो दाखवला. पांढरा शर्ट, हातात नारळ, वर आभाळ.

"ह्यो बघ माझा भाऊ," काकी म्हणली.

"काकी, मुंडकं कुठाय?"

"पोट बघ की. भावाचं पोट वळखीना व्हय मला?"

मी फोनवरनं अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणले, "पोटावर भाऊ ठरत न्हाई. व्हिडिओ निघू दे."

व्हिडिओ निघाला त्या दिशी मी दुकानातच हुतो. तसल्या व्हिडिओवर आमी नंतर सनईची नायतर शिनेमातली गाणी चढवतो, मूळ आवाज कोण ऐकतच न्हाई. अण्णांनी ऐकला. कॅमेरा मी तिकाटण्यावर लावून ठिवला हुता आन् सोता फोटोचा कॅमेरा घिऊन त्येच्या म्होरं. स्टेजखाली मामा दिसले, आंघोळ करून, भांग पाडून, पायरीला हात लावून उभे. नाव पुकारायचीच वाट. आन् तेवढ्यात कॅमेऱ्याजवळनं एक आवाज आला, "ओ पावणं, मधी येताय. नवरी दिसंना. मागं व्हा मागं. अजून मागं."

मामांनी वळून बघितलं. डोळ्यावर लाईटचा झोत. हात आडवा धरला, कुणी सांगितलं ते दिसंना, आन् मान खाली घालून मागं गेले, माणसांच्या पार पल्याड. लगीच माईकवर, "नवरीचे मामा." दोनदा पुकारलं. मुहूर्ताची घाई. कुणीतरी म्हणलं, कुणालातरी बसवा. काकीच्या नवऱ्याचा चुलत भाऊ शेजारीच हुता, तेवढंच पोट असलेला. फेटा त्येच्या डोस्क्यावर. काकी तवा आत आहेराची ताटं लावत.

अण्णांनी व्हिडिओ थांबवला. मागं घेतला. परत लावला. "अजून मागं," त्यो आवाज म्हणला.

"आवाज कुणाचा?" अण्णांनी इचारलं.

मी म्हणलं, "वळखीचा वाटतोय."

अण्णांनी वही उघडली.

दुसऱ्या दिशी अण्णांनी दुकान बंद ठिवलं. सांगली सोडून ह्यो माणूस कवा गेला नसंल, त्यो कडेगावला एसटीनं उतरला, स्वच्छ शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. मी म्हणलं, "अण्णा, तुमी कशाला? मी सांगतो की मामांना."

"तू तीन खेपंला खरं सांगतोस. भाऊबीज परवा हाय."

मामांचं गाव तिथनं थोड्या अंतरावर. अण्णा माझ्या गाडीवर मागं, एका हातानं सीट धरून. मामा शेडात म्हशीची धार काढत हुते. म्हैस बघून माझंच मन भरून आलं. मी मोबाईल म्होरं धरला. मामांनी हात पुसलं, बघितलं, ऐकलं.

"परत लाव."

चारदा लावला. तिसऱ्या खेपंला त्येंचं तोंड वंगाळ झालं, मला वाटलं आता बादली येतीया. पण ते खाली बसले. "मला वाटलं भावजीच्या माणसानं सांगितलं," म्हणले. "आईबाप गेलं, मी एकटाच माहेरचा. एवढ्या माणसांत मागं व्हा म्हणलं. मला वाटलं, ठरवून."

मी म्हणलं, "मामा, त्यो आवाज माझा हाय. तुमी कोण, मला ठावंबी न्हवतं. नवरी दिसंना, म्हणून म्हणलं."

"नवरी दिसली का मंग?"

"दिसली हुती. आता तिचंबी मुंडकं गेलंय."

मामांना त्ये काय कळलं न्हाई. अण्णांनी सावकाश समजावून सांगितलं, फुकटच्या सॉफ्टवेअरपास्नं म्हशीपातूर. मामांनी ऐकून घेतलं, उठले, शर्ट बदलला, आन् म्हणले, "परवा कशाला. आत्ताच चला."

एका गाडीवर तिघं. मधी अण्णा. काकी दारात गहू निवडत हुती. भाऊ दिसला तशी सूप खाली ठिवलं. तिला बोलायचं न्हाई, ह्येला बोलायचं न्हाई. शेवटी काकी मलाच म्हणली, "फोटो आणलास?"

"फोटो नगं आता, अक्का," मामा म्हणले. "मला मागं सारणारा घावलाय. ह्यो बघ, उभा हाय."

व्हिडिओ बघून झाल्यावर काकी लगीच रडली न्हाई. आधी मला बोलली. मंग मामा बोलले. मंग दोघं मिळून. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं पुरं करायचं, जसं काय ल्हानपणापास्नं त्येंनी माझ्याच नावानं तयारी केलीया. छपाईला गेलेला अल्बम काढला, माझी नववी काढली, माझ्या आज्ज्यापातूर गेले. मदीच काकीनं भावाच्या शर्टाची कॉलर नीट केली आन् परत माझ्याकडं वळली. तिचा नवरा बाहेर आला, काय चाललंय ते बघितलं, आन् न इचारता त्योबी चार शब्द बोलला.

मंग चहा आला. काकीनं सोता आणला. चार कप. भावाला, नवऱ्याला, अण्णांना, आन् एक तिनं सोता घिऊन ती भावाशेजारी बसली. मी खांबाला टेकून उभा. कुणाला माझी आठवण असायचं कारण न्हवतं.

अण्णांनी ऊन कुठवर आलंय ते बघितलं. मंग निम्मा चहा बशीत वतला आन् बशी माझ्याकडं सारली.

"पी," म्हणले. "आन् बशी माझ्या हातात परत दे. न्हाईतर तीबी घालवशील."